‘संशयात्मा विनश्यति’ या अर्ध्या श्लोकाबद्दल खुलासा

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘धर्माबद्दल प्रश्न विचारणाऱ्याचा नाश होतो, असं गीतेत भगवंतांनीच सांगितलंय.’ आधार म्हणून चौथ्या अध्यायातला ४०वा श्लोक, ‘संशयात्मा विनश्यति’. श्लोक खरा आहे, पण काढलेला अर्थ चुकीचा.

त्याच अध्यायात सहा श्लोक आधी ज्ञान कसं मिळवायचं ते सांगितलंय: ‘प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया’. नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध प्रश्न आहे, तोही खोदून विचारलेला. ४२व्या श्लोकात संशय ज्ञानाच्या तलवारीने छाटायला सांगितलाय. दाबून टाका, असं कुठेही नाही.

आणि अर्जुनाकडे तर बघा! तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो कृष्णाला तोंडावर म्हणतो, तुझ्या अशा मिश्र बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते, एक काय ते नक्की सांग. सहाव्यात तर ‘माझा हा संशय पूर्णपणे दूर कर’ असं म्हणतो, म्हणजे शब्दही तोच, संशय. कृष्ण रागावत नाही, ‘तात’ अशी मायेची हाक मारून उत्तर देतो. आणि अठराव्यात, सगळं सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, असं म्हणतो.

म्हणून घरातल्या मुलांनी शंका काढली की हा अर्धा श्लोक सांगून त्यांना गप्प बसवू नका, ही कळकळीची विनंती.

मात्र प्रश्न न विचारता भक्ती करणाऱ्याला धर्म कळलाच नाही, असंही मी म्हणणार नाही. दुसऱ्यांकडून ऐकून उपासना करणारेही तरून जातात, हे तेराव्या अध्यायात स्पष्ट आहे.