कसलं बटण, ते तरी सांगा!

ऑल्ट-सुपर-एस दाबलं, ऑर्का, म्हणजे न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम, बोलायला लागला. पुढे? टॅब: "बटण". टॅब: "बटण". अरे, सेव्हचं की डिलीटचं? दाबून बघायचं का? आयकॉन रंगवायला वेळ आहे, पण कोडमध्ये त्याच्या नावाची एक ओळ लिहायला हात मोडतात! इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेब-तंत्रानं ॲप बनवायच्या साच्यावर, बांधलेली ॲप्स तर कित्येकदा मौनव्रत धरूनच उघडतात. टर्मिनलमधून ॲप सुरू करताना आज्ञेला 'फोर्स-रेंडरर-ॲक्सेसिबिलिटी' हा पर्याय जोडा, मग कुठे तोंड उघडणार. हे सामान्य माणसाला कळावं कसं? सेटिंग्जमध्ये एक टिकबॉक्स द्यायला काय सोनं लागतं? आणि तक्रार केली की ठरलेलं उत्तर: "कोड खुला आहे, तुम्हीच दुरुस्त करा की!" डोळसांना कुणी सांगतं का हो, स्क्रीन काळी दिसतेय तर ड्रायव्हर स्वतः लिहा म्हणून?