ॲग्री इकॉनॉमिक्स घेऊ की एन्व्हायर्नमेंटल?

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचं मनात बऱ्याचदा ठरलेलंच असतं की शेतीचं अर्थशास्त्र म्हणजे जुनाट, पर्यावरणाचं म्हणजे आजच्या काळातलं, आणि नॅचरल रिसोर्स इकॉनॉमिक्स म्हणजे मधलंच काहीतरी जे कुणाला नीट माहीत नसतं. माझं उत्तर जरा लांब आहे म्हणून इथेच लिहून टाकते. एक तर हे तीन वेगळे विषय नाहीतच. आणि दुसरं, जे मला जास्त पोटतिडकीने सांगायचंय, ते असं की हा विषय नुसतं अर्थशास्त्र शिकून येत नाही. माती, पाणी, मासे, जंगल यातल्या निदान एका गोष्टीचं खरंखुरं शास्त्र शिकल्याशिवाय यातली मॉडेल्स कुणी हातात घेऊ नयेत, कारण त्याने माणसांचं नुकसान होतं. झालेलं आहे.

आधी पहिलं. अर्थशास्त्रात पेपर्सचं वर्गीकरण करायला जेईएल कोड म्हणून एक पद्धत आहे, प्रत्येक शाखेला एक अक्षर. त्यात क्यू या एकाच अक्षराखाली शेती, मासेमारी, जंगल, पाणी, खाणी, ऊर्जा, प्रदूषण, हवामान बदल सगळं येतं. बर्कली, डेव्हिस, मेरीलँड या अमेरिकन विद्यापीठांतल्या डिपार्टमेंटच्या नावातच शेती आणि रिसोर्स दोन्ही आहेत. हे सोयीसाठी एकत्र बांधलेलं गाठोडं वाटत असेल तर एक उदाहरण देते, मग बघा वेगळं करता येतंय का.

शेतकऱ्याने नत्रखत किती टाकावं? पुस्तकातलं उत्तर सोपं आहे, शेवटच्या किलोने जेवढ्या किमतीचं जास्तीचं पीक येतं ती किंमत त्या किलोच्या खर्चाएवढी झाली की थांबा. हे झालं ॲग्री इकॉनॉमिक्स, पहिल्या सेमिस्टरचं. पण प्रत्यक्षात उत्पादनाचा तो वक्र टोकाजवळ जवळजवळ सपाट असतो, म्हणजे थोडं जास्त टाकलं तर फार काही बिघडत नाही, पण पाऊस जास्त झाला आणि नत्र वाहून गेलं तर कमी टाकणाऱ्याचं पीक मात्र हातचं जाऊ शकतं. मग शेतकरी थोडं जास्तच टाकतो, आणि त्यात त्याचं काहीही चुकत नाही, तो एक प्रकारचा विमाच काढतोय. आता ते उरलेलं नत्र जातं कुठे? अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातून ते निचऱ्याच्या पाइपांतून ओढ्यांत, ओढ्यांतून मिसिसिपीत आणि तिथून मेक्सिकोच्या आखातात. तिथे शेवाळ माजतं, मरतं, तळाशी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं आणि दर उन्हाळ्यात समुद्राच्या तळाशी एक मृत पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो २२,००० चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. तिथल्या कोळंबीवर पोट असलेल्या मच्छिमाराने त्या मक्याचं शेत आयुष्यात पाहिलेलं नसतं. आता सांगा, हा प्रश्न शेतीचा, प्रदूषणाचा की मासेमारीचा?

आणि इथे पुस्तकातलं औषध चालत नाही हे तर फारच महत्त्वाचं. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडलेली कल्पना अशी की दुसऱ्यावर लादलेल्या नुकसानीएवढा कर लावा म्हणजे करणारा आपोआप हात आवरता घेईल. कारखान्याच्या धुराड्याला हे लागू पडतं, धुराडं मोजता येतं. पण शेतातून नेमकं किती नत्र निसटलं हे मीटर लावून कोण मोजणार, हजारो शेतं, जमिनीखालून झिरपणारं पाणी, पाऊस वेगळा, मातीचा पोत वेगळा. १९८८ मध्ये कॅथलीन सेगरसन या अर्थशास्त्रज्ञांनी सुचवलं की मग प्रत्येकाचं न मोजता थेट नदीतलं किंवा तळ्यातलं प्रमाण मोजा आणि त्यावरून सगळ्यांना कर लावा किंवा सबसिडी द्या. कागदावर सुंदर आहे, मला आजही तो युक्तिवाद वाचताना आनंद होतो, पण शेतकरी हजारो असले की एकट्याच्या वागण्याने नदीत काहीच फरक दिसत नाही आणि शेजाऱ्याच्या खतासाठी मी का पैसे भरू हा प्रश्न रास्तच असतो. म्हणजे खताचं रसायन, पाण्याचा प्रवास, शेतकऱ्याची जोखीम आणि कराची रचना हे सगळं एकाच डोक्यात एकाच वेळी असावं लागतं. ज्याने फक्त एन्व्हायर्नमेंटल घेतलं त्याला शेतकरी का जास्त टाकतो ते कळत नाही, आणि ज्याने फक्त ॲग्री घेतलं त्याचा हिशोब बांधावरच संपतो.

आता मधलं जे रिसोर्स इकॉनॉमिक्स, ज्याला कुणी विचारत नाही, ते खरं तर या सगळ्याचा कणा आहे असं माझं मत आहे, कारण काळ कसा मोजायचा ते तिथे शिकायला मिळतं. १८४९ मध्ये फाउस्टमन नावाच्या जर्मन वनशास्त्रज्ञाने हिशोब मांडला की झाड कधी तोडावं, आणि त्यात त्याने फक्त या झाडाची वाढ धरली नाही तर त्या जमिनीवर पुढची पिढी लावायला जो उशीर होतोय त्याचीही किंमत धरली. १९३१ मध्ये हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने खाणींबद्दल दाखवलं की काढायचा खर्च वजा जाता खनिजाची जी किंमत उरते ती व्याजदराच्या वेगाने वाढत गेली पाहिजे, नाहीतर मालक एक तर सगळं आजच उपसेल किंवा हातच लावणार नाही. हे सगळं ठीक. पण १९७३ मध्ये कॉलिन क्लार्क या गणितज्ञाने देवमाशांबद्दल जे दाखवलं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते. तोपर्यंत सगळ्यांची समजूत अशी की समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही म्हणून मासे संपतात, एक मालक असता तर त्याने जपून वापरले असते. क्लार्कने गणित करून दाखवलं की जर प्राण्याची वाढ फार हळू असेल, व्याजाचा दर त्याहून जास्त असेल आणि शेवटचे काही प्राणी पकडायचा खर्चही फार वाढत नसेल, तर एकट्या मालकालासुद्धा सगळे मारून पैसे बँकेत ठेवणं फायद्याचं ठरतं. नफ्याच्या हिशोबात चूक नाही. हिशोब बरोबर आणि प्राणी नामशेष.

म्हणून मी म्हणते की डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे होणारा फायदा-तोटा ज्या दराने आजच्या किमतीत आणायचा तो दर, हा एक आकडा या विषयात सगळ्यात जास्त जपून हाताळायचा. १०० वर्षांनी होणारं १,००० रुपयांचं नुकसान दरसाल ५ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं तर साधारण साडेसात उरतं, १.४ टक्क्यांनी आणलं तर जवळपास २५०. नुकसान तेच, हवामान तेच, माणसं तीच. हवामान बदलाच्या अर्थकारणावरच्या २००६ च्या स्टर्न अहवालात १.४ च्या आसपासचा दर धरला होता म्हणून निष्कर्ष निघाला की ताबडतोब मोठी पावलं उचला, अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ नॉर्डहाउस यांनी त्याहून बराच जास्त दर धरला म्हणून त्यांचं उत्तर निघालं की हळूहळू वाढवत न्या. वाद विज्ञानाचा कमी आणि न जन्मलेल्या माणसाला आपल्या हिशोबात किती जागा द्यायची याचा जास्त होता. फ्रँक रॅम्सी या इंग्रज गणितज्ञाने १९२८ मध्येच म्हटलं होतं की केवळ नंतर मिळणार म्हणून पुढच्यांचं सुख कमी लेखणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही. मी त्याच्याच बाजूची आहे. पण तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, तो आकडा तुमचा कुठून आला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे, कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या डिफॉल्टमधून आला असेल तर ते चालणार नाही.

आता नुकसानीचं सांगते. कॅनडाचं न्यूफाउंडलँड, तिथला कॉड मासा. शतकानुशतकं लोक त्यावर जगले. १९६८ मध्ये परदेशी ट्रॉलर्ससकट (मोठं जाळं ओढत नेणारी जहाजं) पकड सुमारे ८ लाख टनांवर गेली, मग कोसळली, १९७७ मध्ये कॅनडाने २०० मैलांची हद्द आखली आणि शास्त्रशुद्ध कोटा ठरवून मासेमारी सुरू केली. म्हणजे मोकाट लूट नव्हती, व्यवस्थापन होतं, शास्त्रज्ञ होते, मॉडेल होतं. आणि तरीही जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, ३०,००० च्या आसपास लोकांचं काम गेलं, गावंच्या गावं ओस पडली.

यामागे राजकारण होतं, पाण्याच्या तापमानावरूनही वाद आहेत, पण एक कारण आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातलं आहे. मासेमारीच्या मूळ मॉडेलमध्ये लिहितात की पकड म्हणजे क्यू गुणिले मेहनत गुणिले समुद्रातला साठा. हा क्यू जेईएलचा नव्हे, मासे किती सहज पकडले जातात ते सांगणारा आकडा. तो स्थिरांक धरला की बोटींच्या दर तासाच्या पकडीवरून साठा किती आहे ते काढता येतं, सोपं जातं. पण कॉडचा साठा कमी होतो तेव्हा उरलेले मासे काही ठरावीक जागी दाट थवे करून राहतात, आणि सोनार लावलेला ट्रॉलर नेमका तिथेच जातो. म्हणजे तासाची पकड चांगलीच येत राहते आणि साठा मात्र आतून संपत असतो. बोटींची यंत्रं दरवर्षी सुधारत होती ते वेगळंच. सर्वेक्षणाच्या जहाजाचे आकडे कमी येत होते पण बोटींच्या पकडीचे आकडे चांगले होते, त्या दोन्हींचा मेळ घालताना अंदाज खूप वर राहिला आणि कोटाही तसाच वर राहिला. गंमत म्हणजे, नाही, गंमत कसली, दुःख असं की छोट्या बोटींवाले किनाऱ्याजवळचे मच्छिमार ओरडून सांगत होते की आमच्या जाळ्यात मासा येत नाहीये. ती बंदी उठवून छोटासा कोटा द्यायला २०२४ उजाडलं. बत्तीस वर्षं.

परीक्षेत तो क्यू गृहीत धरून मार्क मिळतात. मासा थवा कसा करतो हे कुठल्याच पेपरात विचारत नाहीत. माझी तक्रार नेमकी ही आहे. मी जिथे शिकले तिथे डायनॅमिक ऑप्टिमायझेशन, म्हणजे काळाच्या ओघात सगळ्यात फायद्याचा निर्णय काढायचं गणित, उत्तम शिकवलं, पण शेजारच्या इमारतीत माती आणि जलशास्त्राचे वर्ग चालायचे तिकडे आम्हाला कुणी पाठवलं नाही, उलट एक-दोघांनी परवानगी मागितली तर क्रेडिट बसत नाही म्हणून परत पाठवलं.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघून येणारी माणसं या विषयाला किती पुढे नेतात त्याचं उदाहरण म्हणजे एलिनॉर ऑस्ट्रॉम. अर्थशास्त्रज्ञ गॉर्डनने १९५४ मध्ये मासेमारीबद्दल आणि जीवशास्त्रज्ञ हार्डिनने १९६८ मध्ये चराऊ रानांबद्दल जे लिहिलं त्यावरून जगाने धरून टाकलं की सामायिक गोष्ट नासणारच, एक तर सरकारने घ्या नाहीतर खाजगी करा. ऑस्ट्रॉमबाईंनी प्रत्यक्ष कालवे, कुरणं, मासेमारीची गावं यांचे दाखले गोळा केले, स्वित्झर्लंडमधली डोंगरी गावं, तुर्कस्तानातले कोळी, नेपाळमधले शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेले कालवे. स्पेनच्या व्हॅलेन्सियात आजही शेतकऱ्यांनी निवडलेले पंच दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात बसून पाण्याचे तंटे तोंडी मिटवतात. मोकाट आणि सामायिक यात फरक आहे, सामायिकला नियम असतात, राखण असते, दंड असतो. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या मुळात राज्यशास्त्राच्या!

निसर्गाला किंमत लावण्यावर खूप जण चिडतात, त्याबद्दल थोडक्यात. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा प्रश्न आला की जे लोक तिथे कधीच जाणार नाहीत पण तो किनारा शाबूत असावा असं ज्यांना वाटतं त्यांचं नुकसान धरायचं की नाही. लोकांना विचारून ते काढायची पद्धत विश्वासार्ह आहे का हे ठरवायला ॲरो आणि सोलो या दोन नोबेलवाल्या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९९३ मध्ये त्यांनी कडक अटी घालून होकार दिला. मला ती पद्धत फार आवडते असं नाही, पण आकडा न लावणं म्हणजे हिशोबात शून्य लागणं हे मी पुरेशा फाइलींमध्ये पाहिलंय.

तर ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी. मायक्रो आणि इकॉनॉमेट्रिक्स (अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र) पक्कं करा, यात सूट नाही. कॅल्क्युलसला घाबरून हा विषय सोपा असेल म्हणून येऊ नका, इथे गणित जास्त लागतं, कारण पलीकडे जिवंत गोष्ट वाढत असते. आर किंवा स्टाटा यापैकी एक संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिका आणि सोबत जीआयएस, म्हणजे नकाशावर माहिती मांडून तपासायचं तंत्र. आणि निदान दोन पेपर विज्ञानाचे, जलशास्त्र, मृदाशास्त्र, पॉप्युलेशन इकॉलॉजी, जे मिळेल ते, क्रेडिट मिळो न मिळो मागे बसून ऐका. थिसिसला असा विषय घ्या की जिथे तुम्हाला जाता येईल आणि एक अख्खा हंगाम बघता येईल. नोकऱ्यांचं म्हणाल तर बँका, विमा, सरकारी खाती, संशोधन संस्था, कार्बन मार्केटवाल्या कंपन्या, सगळीकडे लोक लागतात.

कॉलेज निवडताना ब्रोशर बाजूला ठेवा, सिलॅबस मागवा. ऐच्छिक विषयांच्या यादीत दुसऱ्या फॅकल्टीचे पेपर घेता येतात का बघा, आणि आधीच्या मुलांच्या थिसिसचे विषय वाचा, त्यात फील्डवर्क केलेले किती आणि तयार डेटा डाउनलोड करून केलेले किती. कुणाकडे सिलॅबस असेल तर पाठवा, मी वाचून सांगेन.