इज ओढते म्हणे घड्याळ!

मंगळवारी दुपारी आभाळ भरून आलं, गडगडाट सुरू झाला आणि आमचे मोठेबाबा भिंतीवरचं रेडिओ घड्याळ दुपट्ट्यात गुंडाळून वावराकडे निघाले. धुऱ्यावरच्या निंबाखाली ठेवायला! गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : 'परदेशी रेडिओ घड्याळं सॅटेलाइटला जोडलेली असतात. काटे आपोआप फिरतात. घरातलं बोलणं बाहेर जातं. आकाशातली वीज ओढतात, ढग दिसताच घराबाहेर काढा.' "इज ओढते म्हणे थे, लेकरं हायेत घरात," मोठेबाबा म्हणाले. पांदणीतून हात धरून परत आणलं.

घरी मागचं झाकण उघडून दाखवलं. आत सिग्नल पकडणारी फेराइटची काळी कांडी, म्हणजे अँटेना, बोटाएवढी. तिच्यावर तांब्याची बारीक तार आणि शेजारी दीड व्होल्टचा एक सेल. असलीच कांडी मोठेबाबांच्या जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये होती. त्यावर पावसाळाभर नागपूर केंद्र लागायचं, तेव्हा नाही कोणती वीज ओढली ती! वीज उंच झाडावर पडते, मोकळ्या वावरातल्या माणसावर पडते. आणि हा शहाणा मेसेज माणसाला भर गडगडाटात तिथंच धाडतो. लिहिणाऱ्याला काही वाटलं कसं नाही?

बोलणं बाहेर जातं हेही थोतांड. घड्याळात ना माइक, ना काही पाठवायची सोय. ते फक्त ऐकतं, तेही सॅटेलाइटचं नाही. भाचीनं ते जर्मनीहून आणलं. तिथं फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला जमिनीवरच वेळेचा सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर आहे, ७७.५ किलोहर्ट्झचा. तो ऐकून घड्याळ आपली वेळ लावतं. सेकंदाला एकच खूण येते, म्हणून तारीख-वेळ पुरती कळायला अख्खं मिनिट लागतं.

काटे आपोआप फिरतात, हे मात्र खरं. सेल टाकला की ते गरागरा फिरून बारावर उभे राहतात आणि सिग्नलची वाट बघतात. आमच्याकडे नुसतीच वाट. तो सिग्नल ज्यांच्या अखत्यारीत आहे ती जर्मन संस्था, पीटीबी, स्वतःच सांगते की त्याचा पल्ला साधारण २००० किलोमीटर. नागपूर तिथून साडेसहा हजारांच्याही पुढं. इथं बिचाऱ्याचे बाराच वाजणार! शेवटी मागचं बटण दाबून हातानं वेळ लावली. आता साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखं चालतंय, ओसरीत.

मेसेज टाकणाऱ्या पाहुण्याला मी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.