सडा उपाशी नाही, मामा

परवा रात्री मामांचा फोन आला. "अगं, दोन पोती युरिया आणलाय. वळीव पडला की सड्यावर फेकून घेतो." मामांचं घर परळी खोऱ्यात पायथ्याला आणि वाडवडिलांचा सडा, म्हणजे कातळाचा सपाट माथा, वर, कासच्या बाजूला. त्या सड्यावर आजवर कुणी मूठभर खत टाकलेलं नाही. मग आत्ताच का? तर भावकीच्या ग्रुपवर मेसेज आलाय. तोच मेसेज त्या आठवड्यात मला तिघांनी पाठवला होता आणि मी तो न वाचता पुसून टाकला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

मेसेज थोडक्यात असा: कास पठारावरची फुलं कमी झाली, कारण तिथली जमीन उपाशी आहे. गुरं चरायची थांबली, शेण पडायचं थांबलं. आता पावसाआधी युरिया आणि डीएपी टाका, गवत आणि फुलं दोन्ही दुप्पट होतील. खतामुळे मातीतले जिवाणू वाढतील. जमीन आम्ल असेल तर चुनाही टाका. सर्व शेतकरी बांधवांना पाठवा.

"जमीन उपाशी आहे." सगळी गफलत या एका वाक्यात आहे. सड्यावर जांभ्याचा कातळ आणि त्यावर कुठं वीतभर, कुठं बोटभर माती. त्यात नत्र (नायट्रोजन) कमी, स्फुरद (फॉस्फरस) कमी, हे खरं. पण कासची फुलं या कमतरतेमुळे कमी झालेली नाहीत, ती तिथं आहेत तीच या कमतरतेमुळे. सीतेची आसवं बघा. त्या निळ्या-जांभळ्या फुलाला मातीत नत्र मिळत नाही, म्हणून जमिनीखाली बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव पकडून ते पोट भरतं. दवबिंदू नावाचं रोपटं पानांवरच्या चिकट थेंबांवर किडे धरतं. लाखो वर्षांत या वनस्पतींनी गरिबीत जगायची विद्या मिळवली, आणि आपण त्यांच्या बोटभर मातीवर पोतं ओतणार! एका ४५ किलोच्या पोत्यात जवळपास २१ किलो नत्र असतं. ते त्या फुलांच्या उपयोगी पडत नाही, ते उचलतं शेजारचं उंच गवत. गवत गुडघाभर झालं की दोन बोटं उंचीच्या गेंदाच्या फुलाला ऊन मिळत नाही. संपला गेंद.

हे माझ्या मनचं नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथं एका गवताळ कुरणावर १८५६ पासून आजवर हाच प्रयोग चालू आहे. लॉज आणि गिल्बर्ट या दोघा शास्त्रज्ञांनी कुरणाचे तुकडे पाडले, काहींवर वेगवेगळी खतं दरवर्षी टाकली आणि काही तसेच ठेवले. बिनखताच्या तुकड्यांवर आजही चाळीसच्या आसपास जातींची झाडं सापडतात. जिथं अमोनियम सल्फेट भरपूर पडत राहिलं आणि चुना दिला नाही, तिथं दोन-तीन जातींचं गवत उरलं. मातीचा सामू (पीएच) ४ च्या खाली गेला, म्हणजे माती फार आम्ल झाली. गांडुळं नाहीशी झाली, म्हणून मेलेलं गवत कुजतच नाही, त्याचा जाड थर वर साचून राहतो. रॉथमस्टेड डोंगरावर नाही आणि तिथली माती कासपेक्षा जाड आहे, हे खरं. युरिया अमोनियम सल्फेटइतकी माती आंबवत नाही, तेही मान्य. पण युरियातलं नत्र शेवटी नायट्रेट होतं आणि ते पावसानं वाहून गेलं की आम्लता मागे राहतेच, आणि कासला पाऊस काय कोसळतो ते मामांना मी सांगायला नको.

तेव्हा "जिवाणू वाढतील" हा मुद्दाही तिथंच गळतो. मातीतला जीव म्हणजे नुसते जिवाणू नव्हेत. ज्या मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडीनं राहणाऱ्या बुरशीची, पाकिटं आपण दुकानातून विकत आणतो, त्या जातीची बुरशी सड्यावर फुकट आहे. ती झाडाला स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं. बाहेरून स्फुरद मिळालं की झाड हा व्यवहार आखडतं आणि बुरशी उपाशी मरते. सड्यावरच्या ऑर्किडांचं बी तर बुरशीशिवाय रुजतच नाही. पिवळा कावळा नावाचं फुलझाड हरभऱ्याच्या कुळातलं, मुळांवरच्या गाठींतून स्वतःचं नत्र स्वतः कमावणारं. नत्र आयतं मिळालं की त्याची ही सरशी संपते आणि गवत त्याला दाबून टाकतं.

गवत वाढेल, हे मात्र खरं आहे. रॉथमस्टेडलाही वैरण वाढली. पण वैरण आणि फुलं दोन्ही दुप्पट, हे होत नाही.

शेणाचा मुद्दा अर्धा खरा. चराई थांबली की उंच गवत माजतं आणि ठेंगणी फुलं मागे पडतात, हे मीही मानते. पण गुरं दिवसभर वर चरायची आणि रात्री खाली गोठ्यात बांधलेली असायची. शेण पडायचं गोठ्यात आणि जायचं खालच्या वावरात. म्हणजे पिढ्यान् पिढ्या सड्यावरचं सत्त्व खाली येत होतं. मेसेज लिहिणाऱ्यानं हिशेब उलटा मांडलाय.

चुन्याबद्दल एवढंच सांगते. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सवर, शिनिगे प्लाटे नावाच्या ठिकाणी सुमारे २००० मीटर उंचीवरच्या कुरणात १९३० च्या दशकात काही तुकड्यांना चुना दिला होता. जवळपास ७० वर्षांनी तपासलं तेव्हाही तिथली झाडं आणि मातीतले सूक्ष्मजीव शेजारच्या तुकड्यांपेक्षा वेगळे होते. एकदा फेकलेला चुना परत उचलता येत नाही.

आणि पाणी? या माथ्यावरचं पाणी उतरतं कास तलावात आणि उरमोडीच्या खोऱ्यात. कासचं पाणी सातारा शहर पितं. माझ्या घरच्या नळाला तेच येतं. नावातच सातारा असलेला वायतुरा, शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, सड्यावरच्या उथळ डबक्यांत उगवतो. युरिया विरघळून पहिला त्याच डबक्यांत उतरणार. कासचा जागतिक वारसा यादीत २०१२ साली समावेश झाला तो असल्या वनस्पतींमुळे, गवताच्या उंचीमुळे नव्हे.

मामा, पोती खालीच राहू द्या. भातलावणीनंतर खाचरांना लागतीलच. सड्यावरचं गवत दसऱ्यानंतर कापून खाली आणा, आजोबा आणायचे तसंच. या वर्षी कापायला मीही येते.