चाचणीची तेलविहीर म्हणजे ‘मोठी बोअर’ नव्हे

‘शेतातली चाचणीची तेलविहीर म्हणजे मोठी बोअरच. तेल लागलं तर शेतकरी करोडपती, नाही लागलं तर जमीन जशीच्या तशी परत. पटत नसेल तर जनसुनावणीत बोला. विरोध करणारे विकासाचे शत्रू.’ कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या आंदोलनांचा विषय निघाला की असा मजकूर हमखास फिरतो.

आधी करोडपतीचं. जमीन तुमच्या नावावर असली तरी तिच्या पोटातलं तेल सरकारचं. रॉयल्टी तिजोरीत जाते. शेतकऱ्याच्या हाती येतं ते जमिनीचं भाडं किंवा मोबदला आणि पिकाची नुकसानभरपाई. राजस्थानात बाडमेरला 2004 साली मंगला क्षेत्रात प्रचंड तेल सापडलं, तिथेही नियम हाच.

आता ‘मोठी बोअर’. आपली बोअर काहीशे फूट जाते. तेलविहीर दोन-तीन किलोमीटर, कधी त्याहूनही खोल. रिग म्हणजे खोदकामाचा मनोरा उभा करायला काही एकर रान सपाट होतं, अवजड ट्रकसाठी भराव टाकून रस्ता होतो. बेंटोनाइट (एक प्रकारची माती), बराइट (एक जड खनिज) आणि रसायनं कालवलेला चिखल सतत आत सोडतात. तो खडकाचा चुरा घेऊन वर येतो आणि हा गाळ बहुतेकदा शेजारच्या, प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात साठवतात. प्लास्टिक फाटलं किंवा पावसात खड्डा भरून वाहिला, तर ते पाणी बांध ओलांडून भातात शिरतं. अशा रानाला ‘जशीच्या तशी’ कोणत्या तोंडानं म्हणायचं?

जमिनीखालच्या तेल-वायूचा दाब रोखून धरणं हेही त्या चिखलाचंच काम. तो दाब हाताबाहेर गेला की काय होतं, ते आंध्रातल्या कोनसीमानं जानेवारी 1995 मध्ये पाहिलं. पासरलापुडीला खोदकाम चालू असतानाच विहीर उसळली आणि दोन महिन्यांहून अधिक काळ जळत राहिली. नारळाचा आणि भाताचा मुलूख तो. (आसामातल्या बागजानच्या विहिरीला 2020 मध्ये लागलेली आग मी मुद्दाम घेत नाही, ती विहीर उत्पादनातली होती, चाचणीची नव्हे.)

जनसुनावणीचा दावा तर सरळ खोटा आहे. 16 जानेवारी 2020 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं चाचणी खोदकाम ‘बी-2’ वर्गात टाकलं, म्हणजे पर्यावरणीय आघात अहवालही नको आणि सुनावणीही नको.

देश 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो, हे खरं. पण म्हणून तमिळनाडूतल्या नेडुवासल गावचे शेतकरी विकासाचे शत्रू ठरत नाहीत. 2017 मध्ये ते तिथल्या तेल-वायू प्रकल्पाविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तमिळनाडूच्या विधानसभेनं कायदा करून त्रिभुज प्रदेशात तेल-वायूच्या नव्या शोधाला बंदी घातली.