वनाधिकाऱ्यांना झडतीसाठी वॉरंट लागतंच का?

‘खासगी शेतात किंवा घरात वनखात्याचा माणूस वॉरंटशिवाय पाऊल टाकू शकत नाही, आला तर हाकलून द्या,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि हाकलून देण्याचा सल्ला तर थेट गोत्यात आणणारा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ५० नुसार वनाधिकारी, तसंच उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी, संशयिताच्या ताब्यातल्या घरात, जमिनीवर किंवा वाहनात वॉरंटशिवाय शिरून झडती घेऊ शकतो. तिथे तारेचं कुंपण किंवा सातबारा पुढे करून उपयोग नाही.

पण म्हणून वाटेल तेव्हा वाटेल त्याच्या घरात घुसायची मुभा आहे, असंही कुणी समजू नये. या कायद्याखालचा गुन्हा घडल्याचं मानायला वाजवी कारण हवं. नुसती खुन्नस चालत नाही. पकडलेला माणूस आणि जप्त वस्तू विनाविलंब दंडाधिकाऱ्यांपुढे न्याव्या लागतात. विनाकारण, छळण्यासाठी जप्ती केली, तर कलम ५३ खाली अधिकाऱ्यालाच ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. (हे कलम मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.)

दारात पथक आलंच, तर ओळखपत्र पाहा, कारण विचारा, पंचनाम्याची प्रत मागा. अडवू नका.