रॅम वाढवली की एरर जाते, हे खरं नाही

इंदूरच्या आपल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'सर्व्हर आउट ऑफ मेमरी म्हणाला की रॅम वाढवा, बस.' हे चूक आहे, आणि यात लोकांचे पैसे वाया जातात.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणारा सर्व्हर एक्सएमएक्स (-Xmx) या सेटिंगमध्ये लिहिलेल्या मर्यादेपलीकडे हीप, म्हणजे प्रोग्रॅमचा डेटा ठेवायची मेमरी, घेतच नाही. सियागंजातल्या एका पेढीत मी स्वतः पाहिलं: रॅम १६ ची ३२ जीबी केली, सेटिंग मात्र २ जीबीच राहिलं, महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट पुन्हा तिथेच अडकला. हीप डंप, म्हणजे त्या मेमरीत काय काय भरलंय याची प्रत, काढला तेव्हा कळलं, रिपोर्ट पाच वर्षांच्या नोंदी एकदम ओढत होता. महिन्यामहिन्याने मागवल्यावर सुरळीत चालला. मर्यादा लिहिलेलीच नसेल, तर जावा साधारण रॅमचा चौथा हिस्सा धरतं. तेव्हा मात्र रॅमचा फरक पडतो. म्हणून आधी लॉगमधली, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमधली, एररची पूर्ण ओळ वाचा. तिथे 'मेटास्पेस' (प्रोग्रॅमच्या क्लासेसची माहिती ठेवायची वेगळी मेमरी) लिहिलं असेल, तर दुखणं हीपचं नाहीच.